शकुनांची शिल्लक

भरली घागर. कामाला निघालेल्याला पाणी भरून येणारी बाई समोर दिसली की काम फत्ते. नळ घरात आला आणि हा शकुन गेला. रिकाम्या घागरीचा अपशकुनही त्याच्या मागोमाग गेला.

अंगणातला कावळा. सकाळी दारात ओरडला की म्हातारी मूठभर तांदूळ जास्त घ्यायची, पाहुणा येणार म्हणून. आता पाहुणा निघण्याआधी फोन करतो.

कावळ्याचं घरटं. आंब्यावर, करंजावर बांधलं तर पाऊस चांगला. बाभळीवर, सावरीवर बांधलं तर ओढ देणार. पक्षी अभ्यासक मारुती चितमपल्लींनी हे लिहून ठेवलंय. ते ताडून पाहायला ही सगळी झाडं एका नजरेत हवीत.

पावशा पक्षी. त्याचं 'पेरते व्हा' ऐकू आलं की बियाण्याची पोती बाहेर निघायची. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेला असायचा, आभाळाकडे डोळे लागलेले असायचे. 1970 नंतर नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, आमच्याकडे बेलपाडा गावाभोवती खारघरचे सेक्टर उभे राहिले. पावशा अजून डोंगराकडून ओरडतो. पेरायचं कुठे?

शिंक. निघताना कुणी शिंकलं की उंबरठ्याच्या आत यायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग पुन्हा निघायचं. 17 नोव्हेंबर 2023 पासून बेलपाड्याला मेट्रोचं स्थानक आहे. गाडी गाठायची तर परत कोण फिरणार? काम अडलं की 'कुठे माशी शिंकली' एवढं मात्र अजून विचारतात.

कोकणातल्या अशा समजुती ब्रिटिश अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांना प्रश्न पाठवून गोळा केल्या. 1909 मध्ये नाशिकला त्यांचा खून झाला. दुसरे ब्रिटिश अधिकारी एन्थोवेन यांनी ती टिपणं संपादित केली आणि कोकणचा भाग 1915 मध्ये छापून आला. ते काम आज आपल्या शाळांनी करावं. आज्या आहेत, विचारलं तर भरभरून सांगतात.

आणि एक, जो अजून गेलेला नाही. विधवा समोर आली की पाऊल मागे घ्यायचं. हे ठाऊक असल्यामुळे ती स्वतःच भिंतीआड व्हायची. आजही हळदीच्या मांडवात कोण मागे बसलंय ते बघा. नवऱ्या मुलीला जिने अंगाखांद्यावर खेळवलं ती काकू तिथे असते, नवी साडी नेसून. तिला पुढे बोलवा. पहिली हळद तिच्या हातची लागू दे.