मनीगि होगोण

दिवेलागण झाली की आई उठून उभी राहते. पदर सारखा करते, दाराच्या कडीशी बोटं चाळवते आणि म्हणते, "मनीगि होगोण." घरी जाऊ या. बसलेली असते ती घरातच, लग्न झाल्यापासून जिथं नांदली त्याच घरात.

पहिले काही महिने मी मराठीत समजावत राहिले. आई, हेच आपलं घर. हा बाबांचा फोटो, हा तुझा मसाल्याचा डबा. समजवावं तितकी ती जास्तच कावरीबावरी व्हायची. एकदा तर माझ्याकडं परक्या बाईकडं पाहावं तसं पाहत रडली.

आईचं माहेर अक्कलकोटच्या पुढं, अगदी सीमेलगत. महाजन आयोगानं १९६७ साली अख्खा अक्कलकोट तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा असं सुचवलं होतं. तालुका महाराष्ट्रातच राहिला आणि तिथल्या चुलीपुढची कन्नडही राहिली. सोलापुरात आमच्या घरात मात्र सगळे मराठी बोलणारे. आईनं मराठी अशी उचलली की तिच्या बोलण्यात माहेर ओळखू येईना. आम्हा भावंडांशी ती कन्नड बोललीच नाही, पोरं शाळेत मागं पडतील म्हणून. मामा-मावश्या आल्या की स्वयंपाकघराचं दार लोटलं जायचं आणि आतून एक मोकळं, गडगडाटी हसू यायचं. ते आमच्या आईचं आहे हे पटायचं नाही. त्या हसण्याचा मला फार हेवा वाटे.

निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी मेंदूची फिल्म उजेडासमोर धरली आणि हिप्पोकॅम्पस दाखवला. नव्या गोष्टी मनात रुजवणारा हा एवढासा भाग, आणि तोच आक्रसत चाललेला. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं की स्मृती जाताना ताजी आधी जाते, जुनी मागं रेंगाळते. आईचं तसंच झालं. आधी सकाळचा चहा गेला, मग नातवंडांची नावं, मग बाबांचं जाणं. मग एकेक शब्द करून मराठी जाऊ लागली. मराठी तिला विशीत भेटलेली, कन्नड पाळण्यातली.

गेल्या श्रावणात ती घरातून निघून गेली. मी आंघोळीला गेले होते, तेवढ्या वेळात. दोन तास आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. सापडली लक्ष्मी मंडईत. एका भाजीवाल्या बाईच्या शेजारी पोत्यावर मांडी घालून बसली होती आणि मेथी निवडत होती. देठ वेगळे, पानं वेगळी, हात सफाईनं चाललेले. ती बाई तिच्याशी कन्नडमध्ये गप्पा मारत होती, गिऱ्हाईकं करता करता. नाव-गाव, कुठून आलीस, कुणाची कोण, असलं काही तिनं विचारलं नव्हतं म्हणे. उन्हात उभी होती, बस म्हटलं, जुडी हातात दिली. मी धापा टाकत पोचले तेव्हा आई हसत होती. तेच, लोटलेल्या दारामागचं हसू.

'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले शास्त्रीबुवा हत्तीमागं चालत जातात आणि त्यांना सांभाळते ती हत्तीवाल्याची कानडी बोलणारी बायको, अमृता सुभाष यांची चन्नम्मा. पाहताना मला ते जरा जुळवून आणलेलं वाटलं होतं. आता वाटत नाही.

ज्या गावाच्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी, बाराव्या शतकात वचनं रचली ती कन्नडमध्ये. त्याच गावात जन्म काढून मला आईची भाषा येत नव्हती, याची लाज मला मंडईतून परतताना वाटली. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या मावशींकडं बसू लागले. या वयात वही घेऊन. बा म्हणजे ये. नीरु म्हणजे पाणी. "ऊटा माडु बा," जेवायला ये. ताटातली भाकरी जी ती तासभर कुस्करत बसायची, ती या तीन शब्दांवर खाल्ली गेली. शेंगाचटणीसकट. आंघोळीचं भांडणही निम्म्यावर आलं. आजार हटलेला नाही, रात्री ती अजून दोन-दोनदा उठते, आणि मी कधीकधी थकून ओरडतेही. ओरडते मात्र मराठीतच. कन्नडमध्ये रागवायला मी अजून शिकले नाही.

काल पुन्हा दिवे लागले. आई दाराशी गेली. मला म्हणाली, "अव्वा, मनीगि होगोण." हल्ली मी तिची आईच असते. मी तिचा हात हातात घेतला. उद्या जाऊ, असं म्हणायचं होतं. उसनवारीच्या भाषेत धीर करून म्हटलं, "निन्ने होगोण."

ती थबकली. माझ्याकडं नीट बघितलं. मग लहानपणी पाढा चुकल्यावर करायची तशी माझ्या हातावर हलकेच चापट मारली.

"निन्ने अल्ल," आई म्हणाली. काल नव्हे. "नाळे."

"नाळे," मी म्हटलं.

तिनं दाराची कडी सोडली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.