हाइड पार्कजवळचा वाडा आणि नगरचा किल्ला

अहिल्यानगर

चि. सोनूस,

लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवर तू पाहिलेल्या वाड्याचं नाव ॲप्सली हाउस. दिसायला दगडी, पण अंगाने लाल विटांचा. रॉबर्ट ॲडमने १७७०च्या दशकात तो बांधला. १८१७ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनने तो थोरल्या भावाकडून विकत घेतला आणि पुढे त्यावर बाथचा दगड चढवला. १८३१ साली मताधिकाराच्या सुधारणांना त्याने विरोध केला म्हणून जमावाने खिडक्या फोडल्या. मग तिथे लोखंडी झडपा आल्या.

त्या वाड्याची गोष्ट आपल्या नगरपर्यंत येते. थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली १८०३ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता आणि धाकटा आर्थर, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, भर पावसाळ्यात नगरच्या तटाबाहेर फौज घेऊन उभा होता.

नगर तेव्हा दौलतराव शिंद्यांकडे होतं. ८ ऑगस्टला पेठेच्या तटाला शिड्या लागल्या. तटाला आतून चालायला वाटच नव्हती, त्यामुळे वर पोचलेला शिपाई माथ्यावरच अडकायचा. अखेर कॉलिन कॅम्पबेल नावाचा अधिकारी हाताला तलवार बांधून बुरुजात उतरला आणि पेठ पडली. मग किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. १२ ऑगस्टला किल्लाही गेला.

पुढच्याच महिन्यात असईची लढाई. वॉटर्लूची लढाई त्यानंतर बारा वर्षांनी.

पण हा किल्ला लेचापेचा होता असं मुळीच समजू नकोस. आधीचा मातीचा कोट हुसेन निजामशहाने १५५९ पासून घडीव दगडात बांधून काढला. वाटोळा तट, भोवती रुंद खंदक. १५९६ साली शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने सुरुंगाने तट उडवला, तेव्हा हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतलं. मोगलांना तह करावा लागला.

इंग्रजांनी पुढे याच किल्ल्याचा तुरुंग केला. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव यांना इथे आणलं. १९४४ साली अवघ्या पाच महिन्यांत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, ते इथेच.

ॲप्सली हाउस आतूनही पाहून ये. तिथल्या भांड्यांत ‘डेक्कन सर्व्हिस’ नावाचा चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला संच आहे. दख्खनच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी तो आर्थर वेलस्लीला भेट दिला होता. ती मोहीम नगरपासून सुरू झाली, हे सोबतच्या मैत्रिणींना आवर्जून सांग. आणि नगरचं नाव निघालं की चांदबिबीची गोष्टही सांग.

तुझा,
मामा