एक सेंटीमीटर

मलकापूरहून भुसावळला जाताना वरणगाव लागतं. तिथल्या आयुध निर्माणीत रायफलच्या गोळ्या बनतात. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हमखास प्रश्न पडायचा, गोळीचा वेग मोजतात तरी कसा?

उत्तर थर्ड इयरला मिळालं. क्रोनोग्राफमध्ये दोन सेन्सर असतात. पहिल्यावरून गोळी गेली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेली की बंद. अंतर भागिले वेळ! इन्सास रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर जाते. म्हणजे ३० सेंटीमीटरला फक्त ३३३ मायक्रोसेकंद.

प्रोजेक्टला एअर रायफलसाठी क्रोनोग्राफ हवा होता. रडारचा परवडणारा नव्हता. दोन सेन्सरवाल्यांपैकी कोणाचं घड्याळ जास्त सूक्ष्म, यावर हॉस्टेलच्या रूमवर रात्रभर भांडलो. शेवटी सुटे सेन्सर आणून लाकडी पट्टीवर ठोकले. रीडिंग दोन दशांश स्थळांपर्यंत! आम्ही खूश.

व्हायव्हाला सरांनी खिशातली फूटपट्टी काढून सेन्सरमध्ये धरली. ३० नाही, २९. इन्सासची ९०० ची गोळी आम्ही ९३१ दाखवली असती. मान खाली गेली.

मित्रांनो, आता कुणी विचारलं तर सांगतो, आधी सेन्सरची दांडी पक्की आहे का बघ, अंतर स्वतः मोज. घड्याळाचं नंतर. दशांश चिन्हापुढचे आकडे खरेपणाची हमी देत नाहीत.