माशांचा सोमवार

लग्न होऊन मी सांगलीहून काशीला आले तेव्हा माहेरच्यांना वाटलं, पोरगी परमुलखात गेली. पण ब्रह्मा घाटाच्या गल्लीत शिरले आणि कानावर पहिलं वाक्य पडलं ते मराठी: "सांभाळून गं, पायरी ओली आहे." पेशवाईपासून इथे आपली माणसं राहतात. नाना फडणविसांचा वाडा याच भागात, आणि इथला सार्वजनिक गणेशोत्सव १८९८ पासूनचा. माझे सासरे, अण्णा, याच गल्लीत जन्मले. पहाटे घाट उतरायचा, स्नान करायचं, कणकेच्या गोळ्या माशांना घालायच्या आणि मगच घरी येऊन चहा घ्यायचा, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम होता.

तो मोडला २०१९ च्या नोव्हेंबरात. अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय उचलेनासा झाला. घाटाच्या पायऱ्या कायमच्या बंद. अण्णा खिडकीशी खुर्ची घेऊन बसत आणि खाली वाहणाऱ्या पाण्याकडे बघत राहत. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं.

माझ्या मुलाला कल्पना सुचली. "आजोबा माशांपर्यंत जाऊ शकत नाहीत ना? मग मासे आजोबांपर्यंत आणू." जानेवारीत तो दोन फुटांची काचेची टाकी घेऊन आला. पाणी साधारण साठ लिटर. तळाशी बारीक खडी, तीत व्हॅलिसनेरियाची लांब पातीसारखी पानं, थोडी हायड्रिला, आणि गप्पी, मॉली असे डझनभर मासे. टाकी ठेवली अण्णांच्या खुर्चीशेजारी, पूर्वेच्या खिडकीत. एका नजरेत गंगा आणि एका नजरेत मासे! अण्णा त्या दिवशी किती दिवसांनी हसले.

तुम्ही म्हणाल, मग अडचण कुठे आली? अडचण शेवाळाची आली.

पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी थर धरला. तो आपोआप गेला. नव्या टाकीत असं होतंच, हे मला पुढे कळलं. मग हिरवे ठिपके आले, पानांना केसांसारखे हिरवे धागे लोंबू लागले, आणि मार्च संपेपर्यंत सगळं पाणी पालक उकडल्यावर उरतं तसं झालं. मासे दिसेनात. अण्णा काचेला नाक लावून विचारत, "आहेत ना गं आत?"

मी काय केलं? घासणी घेतली. सगळं पाणी काढलं, खडी नळाखाली खळखळून धुतली, काच लख्ख केली, नळाचंच ताजं पाणी भरलं. तीन मासे दुसऱ्या दिवशी गेले. आठवड्यात पाणी पुन्हा हिरवं. नंतर एका दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली. पाणी दोन दिवसांत खरोखरच निवळलं. पण गोगलगायी मेल्या, वनस्पतींची पानं विरघळल्यासारखी झाली आणि मेलेलं शेवाळ तळाशी कुजायला लागलं. उरलेले मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. बाटलीवर बारीक अक्षरात तांब्याचं नाव होतं, ते मी वाचलंच नव्हतं.

आमच्या गल्लीत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक काकू राहतात. टाळेबंदी सैल झाल्यावर त्या अण्णांना बघायला आल्या. टाकी बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ऊन किती तास येतं?" दुसरा, "खायला किती घालता?" तिसरा प्रश्न विचारायची गरजच पडली नाही, कारण तेवढ्यात अण्णांनी उशीखालून कणकेची गोळी काढून टाकीत सोडली.

मला त्या क्षणी सगळा उलगडा झाला. सकाळी माझा मुलगा खाद्य घाली, दुपारी मी, आणि अण्णा दिवसभर. डबा पंधरा दिवसांत संपायचा, तरी आम्हाला वाटे, मासे खातात भरपूर!

"शेवाळ म्हणजे रोग नाही," काकू म्हणाल्या. "ते शिल्लक खातं. उरलेलं अन्न आणि माशांची विष्ठा कुजते, त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात उतरतात. वर उन्हाचा मारा. झाडं थोडी. मग जेवण उरलंय तिथे कोणीतरी जेवायला येणारच. घासून काय होणार? शिल्लक तशीच राहते." शिवाय खडी आणि गाळणीत घाण पचवणारे जिवाणू राहतात. ते मी नळाखाली धुऊन घालवले होते, आणि नळातल्या क्लोरीनने उरलीसुरली कसर भरून काढली होती.

त्यांनी सांगितलं ते आम्ही केलं. तीन दिवस टाकीवर माझी सोलापुरी चादर पांघरली: उजेड नाही, खाद्य नाही, फक्त हवेचा पंप चालू. मासे तीन दिवस सहज राहतात. चौथ्या दिवशी एक तृतीयांश पाणी बदललं, तेही बादलीत रात्रभर ठेवून क्लोरीन उडालेलं. पुढे हे दर आठवड्याला. टाकीच्या खिडकीकडच्या बाजूला काळा कागद लावला आणि दिव्याला दिवसाचे सातच तास दिले. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया दाट लावली, म्हणजे शेवाळाच्या आधी त्यांनी जेवून घ्यावं. वाढलेली पानं दर पंधरा दिवसांनी कापून बाहेर काढायची. त्यांनी खाल्लेलं सगळं त्यांच्याबरोबर टाकीबाहेर जातं.

हे सगळं सोपं होतं. अवघड होता खाद्याचा डबा.

मी तो कपाटात ठेवला. दिवसातून एकदा चिमूटभर, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच, असा नियम केला. अण्णांनी पहिल्या दिवशी डबा मागितला. दुसऱ्या दिवशी मागितला नाही. तिसऱ्या दिवशी ताट समोर ठेवलं तर त्यांनी ते सरकवलं. "मला बसल्या जागी दोन वेळा वाढता ना? मी तरी कुठे काम करतो?"

मला काही उत्तर सुचलं नाही. मी डबा आणून त्यांच्या हातात दिला. अर्थात महिन्याभरात काच पुन्हा हिरवी झाली, आणि मी ती घासत राहिले. वर्षभर हेच चाललं. जिवंत मासे हवेत की हसरे अण्णा, असा काहीतरी सौदा मी मनाशी करून टाकला होता.

मग २०२१ चा मे महिना आला. त्या वसंतात बनारसने जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. आम्ही दारं लावून बसलो होतो. महिना संपता संपता एके सकाळी अण्णांनी हाक मारली. खिडकीतून बघते तर गंगा हिरवी! घाटाच्या कडेला तर अगदी आमच्या टाकीतल्यासारखी. कडक ऊन, मंद प्रवाह. जूनमध्ये प्रशासनाने पाच जणांची समिती नेमली. वर्तमानपत्रात आलेलं मी अण्णांना वाचून दाखवत होते: शेवाळ वरच्या अंगाने, मिर्झापूर-विंध्याचलकडच्या जुन्या पद्धतीच्या सांडपाणी प्रकल्पातून वाहत आलं असावं, आणि पाण्यात नायट्रोजन, फॉस्फरसचं प्रमाण जास्त आढळलं.

"थांब," अण्णा म्हणाले. "ही नावं ती काकू सांगत होती ना?"

"हो."

"म्हणजे वर कुणीतरी अख्खा डबा उपडा केला."

(शेवाळाची बाजूही सांगायला हवी. याच शहरातले वीरभद्र मिश्र, जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत, सांडपाणी तळ्यांत साठवून शेवाळाच्याच मदतीने ते स्वच्छ करावं, अशी योजना वर्षानुवर्षं मांडत होते. शेवाळ प्राणवायू देतं आणि त्यावर जिवाणू घाण पचवतात. २०१३ साली ते गेले. नदीत नको असलेलं शेवाळ तळ्यात कामाला लावता येतं, हे मला टाकी पाळली नसती तर कधी समजलं नसतं.)

अण्णा बराच वेळ एकदा टाकीकडे, एकदा नदीकडे बघत होते. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मासे उपाशी राहिले तर मरतात का?"

"नाही अण्णा. आठवड्यात एक-दोन दिवस नाही खाल्लं तर उलट बरं असतं."

"मग सोमवार करतील. माझ्याबरोबर. आणि एकादशीही."

तेव्हापासून सोमवारी आणि एकादशीला डब्याचं झाकण उघडलं नाही. इतर दिवशी अण्णा दाणे मोजून घालायचे, चष्मा लावून. एक जरी तळाशी गेला तरी हळहळायचे. कणकेच्या गोळ्या बंद झाल्या. पानं कापायची छोटी कात्रीही त्यांनी मागून घेतली. उजवा हात चांगला चालत होता. फक्त टाकीत कोपरापर्यंत हात घालताना बाही मी वर करून द्यायची. बदललेलं पाणी मी तुळशीला घालू लागले तेव्हा मात्र त्यांनी हरकत घेतली: माशांचं पाणी तुळशीला कसं चालेल? दोन दिवस विचार करून म्हणाले, गंगेतही मासे असतातच, घाल.

पावसाळ्यापर्यंत पाणी असं निवळलं की मागचा काळा कागद दिसायचा. काचेवर थोडे ठिपके राहिले, ते राहू दिले. गोगलगायींनाही काही हवं ना.

२०२३ च्या थंडीत अण्णा गेले. मुलगा नोकरीला बंगळुरात आहे. टाकी तिथेच आहे, खिडकीशी, आणि सातच तास दिवा असतो. आमच्या घरात आता सोमवार कुणी करत नाही. टाकीत मात्र अजून करतात.