दार उघडे, कपाट बंद

मे महिन्याच्या सुटीत वसईच्या वाड्यांमधील घरे पाहुण्यांनी गजबजून जातात. मुंबईचे नातलग येतात, आखातात नोकरीस असलेले रजेवर येतात, लग्ने आणि साखरपुडे असतात. रात्री ओटीवर अंथरुणांची रांग पडते. अशाच एका सायंकाळी जपमाळेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण माता आमच्याकडे आली. तिच्या अनुमतीनेच तिची हकीकत येथे लिहीत आहोत.

तिच्या पतीकडील नातलग आठ दिवस राहून नुकतेच परतले होते. त्यांनी पतीचा पगार विचारला, घराचे कर्ज किती उरले ते विचारले, दुसरे मूल का नाही हेही विचारले. एवढ्यावर न थांबता ती बाहेर गेली असता कपाट उघडून साड्या मोजल्या. त्यांच्या मुलांनी भिंतींवर रेघोट्या ओढल्या, तांदळाच्या डब्यात पाणी ओतले आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलीची बाहुली मोडली. आईवडील 'मुलेच ती!' म्हणून हसत राहिले. हे सारे सांगून तिने आम्हांस विचारले, "फादर, पाहुण्यात देव पाहावा असे तुम्ही शिकवता. मग देवाला 'माझे कपाट उघडू नका' असे कोणत्या तोंडाने सांगायचे?"

आम्ही तयार उत्तर दिले. आतिथ्य करावे पण कुरकुर करू नये, असे संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात बजावतात, त्याचे स्मरण तिला करून दिले आणि सहनशीलतेविषयी चार शब्द सांगितले. तिने मान डोलावली, परंतु तिचे समाधान झाले नव्हते. आता वाटते, ते आमचेही झाले नव्हते.

त्याच आठवड्यात आम्हांस आमच्या उत्तराची किंमत कळली. एक गृहस्थ पत्नी व दोन मुलांसह बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी आले. मुले क्षणभरही स्थिर बसेनात. एक खुर्चीवरून उड्या मारू लागला, दुसऱ्याने पवित्र कुटुंबाच्या मूर्तीला हात घातला. आम्ही मूर्ती वाचविण्यासाठी धावलो. तेवढ्यात त्या गृहस्थांनी आमच्या मेजावरील एक पत्र उचलले आणि वाचू लागले. एका कुटुंबाने आपल्या मुलीच्या संसारातील दुःख विश्वासाने आम्हांस लिहून कळविले होते, तेच ते पत्र. आम्ही पाहिले, पण पाहुण्याला अवघडल्यासारखे होईल म्हणून बोललो नाही. हसून ते पत्र त्यांच्या हातातून घेतले आणि चहा मागविला. चार दिवसांनी त्या मुलीची आई आली. "फादर, आमची गोष्ट मला मासळी बाजारात ऐकावी लागली," एवढेच ती म्हणाली. आम्ही तिची क्षमा मागितली. तिने ती केली. पण बाहेर पडलेला शब्द कोणाच्याही क्षमेने परत येत नाही.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आगंतुकाच्या मनाला जपण्यासाठी जिने आमच्यावर विश्वास टाकला, तिला आम्ही उघडे पाडले होते. ज्याला आम्ही सौजन्य समजत होतो, तो वस्तुतः भित्रेपणा होता. सहन करणे हा सद्गुण खरा. पण आपल्या सहनशीलतेचा भार दुसऱ्यावर पडत असेल, तर तिला सद्गुण म्हणता येईल काय? त्या तरुण मातेचेही तेच होते. साड्या मोजल्याचे तिला फारसे दुःख नव्हते. मोडलेली बाहुली घेऊन मुलगी तिच्याकडे आली तेव्हा आई पाहुण्यांसमोर गप्प राहिली, हे शल्य तिला बोचत होते.

गुरुविद्यालयात अभ्यासलेली संत बेनेडिक्ट यांची नियमावली आम्ही पुन्हा उघडली. सहाव्या शतकात रचलेल्या या नियमावलीची 73 प्रकरणे आहेत. त्यातील 53 व्या प्रकरणात येणाऱ्या प्रत्येक अतिथीचे स्वागत साक्षात ख्रिस्ताचे करावे तसे करावयास सांगितले आहे. हे वाक्य आम्ही प्रवचनांतून कितीदा तरी सांगितले असेल. परंतु त्याच प्रकरणात पुढे काय आहे, ते आम्ही विसरलो होतो. पाहुणे अवेळी येतात, तेव्हा मठवासीयांच्या दिनक्रमात व्यत्यय येऊ नये म्हणून पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर वेगळे असावे, असे संत बेनेडिक्ट सांगतात. पाहुण्यांशी कोणी बोलावे यालाही त्यांनी मर्यादा घातली आहे. 66 व्या प्रकरणात द्वारपाल म्हणून एका सुज्ञ वृद्धाची नेमणूक करावयास सांगितले आहे; निरोप घेणे आणि उत्तर देणे ज्याला नीट जमते असा. अतिथीत ख्रिस्त पाहणाऱ्या या संताने मठाला उंबरठाही दिला.

त्याहूनही प्राचीन अशा 'दिदाखे' या ख्रिस्ती ग्रंथात वाटसरूला साहाय्य करावे, पण त्याने दोनतीन दिवसांहून अधिक राहू नये आणि राहावयाचेच असेल तर काम करून खावे, असा दंडक आहे. आद्य ख्रिस्ती मंडळीलाही पाहुण्यांचा प्रश्न पडत होता, हे वाचून आम्हांस थोडा धीर आला.

मग प्रश्नांचे काय? खोटे बोलू नये ही आज्ञा आहे. पण विचारील त्याला सर्व काही सांगावे अशी आज्ञा नाही. कॅथॉलिक श्रद्धाग्रंथात, जो 1992 साली प्रसिद्ध झाला, 2489 व्या परिच्छेदात हेच स्पष्ट केले आहे की, ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही त्याला ते सांगण्यास कोणीही बांधलेला नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पेत्र दुसऱ्या शिष्याचे पुढे काय होणार अशी चौकशी करतो, तेव्हा प्रभू येशू त्याला उत्तर देत नाही. ती चौकशी तुझी नव्हे, असे सुचवून त्याला त्याच्या स्वतःच्या वाटेकडे वळवितो. प्रभू रागावत नाही आणि पेत्राला दूरही लोटत नाही. 'तो विषय आज राहू द्या, काकी. तुमच्या गुडघ्याचे कसे आहे ते सांगा,' असे एखाद्या सुनेने म्हटले, तर ती प्रभूच्याच रीतीने वागली असे आम्ही म्हणू.

मुलांच्या बाबतीत आमच्या गुरू झाल्या त्या आमच्या निवासात स्वयंपाक करणाऱ्या मावशी. मूर्तीच्या प्रसंगानंतर दुसरे एक कुटुंब आले, त्यांचीही मुले तशीच वांड. मावशींनी त्यांना दारातच गाठले. "या खोलीत यायचे नाही. चला, वालाच्या शेंगा सोलायच्या आहेत, कोण जास्त सोलतो बघू," म्हणाल्या. त्यांनी आवाज चढविला नाही, आईला टोमणाही मारला नाही. अर्ध्या तासाने ताट दाण्यांनी भरले होते आणि मुले आणखी शेंगा मागत होती. प्रभूने बालकांना आपल्याजवळ येऊ द्या म्हटले आणि त्यांना कवटाळले. आपण त्यांना येऊ देतो आणि मोठ्यांच्या गप्पांत त्यांना विसरून जातो. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, ते मूल तांदळात पाणी ओतणारच.

हे लिहीत असता एक कबुली देणे प्राप्त आहे. घरभेटींच्या वेळी हातात कुटुंबाची नोंदवही घेऊन आम्ही स्वतः किती माजघरांत शिरलो! एका घरी, लग्नाला नऊ वर्षे झालेल्या दांपत्याला, "मुले किती?" असे आम्ही सहज विचारले आणि उत्तराची वाट पाहत पेन धरून बसलो. ती बाई उठून आत गेली, ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. नोंदवहीतील तो रकाना आम्हांस महत्त्वाचा वाटला, समोरचा चेहरा आम्ही पाहिलाच नाही. झगा घातला म्हणून चौकशी पवित्र होत नाही. पाहुणा होणे हीसुद्धा एक साधना आहे, आणि ती आम्हांस पन्नाशीनंतर शिकावी लागत आहे.

पुढे त्या तरुण मातेची भेट झाली तेव्हा आम्ही आमचे पहिले उत्तर मागे घेतले. तिला म्हणालो, "बाय, दार उघडे ठेव, कपाटाला कुलूप लाव आणि किल्ली मागितली तर हसून 'नाही' म्हण. पण लेकीसमोर म्हण, तिला ऐकू येईल असे."

नाताळात तेच नातलग पुन्हा आले. या वेळी त्यांच्या मुलांना तिने गोठा सजविण्याच्या कामाला लावले. पगाराचा प्रश्न आला तेव्हा फुग्यांची थाळी पुढे केली आणि 'ते आम्ही दोघेच बोलतो' असे सांगितले. काकी थोड्या रुसल्या, दुसऱ्या दिवशी बोलू लागल्या. तिची मुलगी मात्र नवी बाहुली घेऊन पाहुण्यांच्या मुलांत खेळत होती, असे तिने सांगितले. आमच्या मेजाच्या कप्प्यालाही आता कुलूप आहे.