शाळेंतून महाविद्यालयांत



बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास महाविद्यालय हें स्वातंत्र्याचें माहेरघर वाटतें. तेथें गणवेश नाहीं, घरचा अभ्यास तपासणारे शिक्षक नाहींत, उशीर झाला तर वर्गाबाहेर उभें करणारें कोणी नाहीं, अशा गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. त्या बहुतांशीं खऱ्याही आहेत. परंतु या स्वातंत्र्याची दुसरी बाजू पुष्कळांना तेथें गेल्यावरच कळते. जेथें रागें भरणारें कोणी नसतें, तेथें विचारपूस करणारेंही सहसा कोणी नसतें. गेल्या वर्षीं आपली शाळा सोडून मी पुण्यास एका महाविद्यालयांत दाखल झालों व तेथील वसतिगृहांत राहूं लागलों. पहिल्या सत्रांत जो अनुभव आला तो त्याच वाटेनें पुढें जाणाऱ्यांच्या उपयोगीं पडावा, म्हणून या वार्षिकांत थोडक्यांत लिहीत आहें.

शाळेंत आपणांस सर्वजण नांवानें ओळखतात. दोन दिवस गैरहजर राहिलें तर तिसऱ्या दिवशीं वर्गशिक्षक घरीं चौकशी करितात. चेहरा उतरलेला दिसला तर बाई जवळ बोलावून कारण विचारतात. महाविद्यालयांत पहिल्याच दिवशीं माझें नांव मागें पडलें व हजेरीचा क्रमांक पुढें आला. वर्गांत सुमारें सव्वाशें विद्यार्थी. प्राध्यापक येतात, व्याख्यान देतात आणि दुसऱ्या वर्गाकडे निघून जातात. यांत त्यांचा दोष मुळींच नाहीं. दिवसाकांठीं शेंकडों विद्यार्थ्यांपुढें बोलणाऱ्या माणसास प्रत्येकाचा चेहरा ध्यानांत ठेवणें शक्य नसतें. शाळा विद्यार्थ्यास शोधीत येते. महाविद्यालयांत विद्यार्थ्यास शोधीत जावें लागतें. हा एक फरक ज्याला लौकर उमगला, त्याचे पुष्कळ कष्ट वांचतात.

पहिली अडचण भाषेची. मी कलाशाखेचा विद्यार्थी. अर्थशास्त्र मराठींतून शिकलेला. ‘सीमान्त उपयोगिता’ आणि ‘मागणीची लवचिकता’ यांच्या व्याख्या मला तोंडपाठ होत्या. पण त्याच गोष्टी ‘मार्जिनल युटिलिटी’ आणि ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ या नांवांनीं कानांवर पडूं लागल्या, तेव्हां ओळखीचीं माणसें परक्या वेषांत समोर उभीं राहावीं तसें झालें. मीं एक वही केली. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस मराठी. रोज रात्रीं त्या दिवशींचे शब्द तींत उतरून घ्यावे, जो अडेल त्यावर खूण करावी, व दुसऱ्या दिवशीं व्याख्यान संपल्यावर प्राध्यापकांस दारापाशीं गांठून विचारावें, असा क्रम ठेविला. पहिल्या दिवशीं तोंडांतून शब्द फुटेना. परंतु प्राध्यापक थांबले आणि मराठींतच समजावून सांगूं लागले. “असेंच विचारीत जा,” इतकें जातांना म्हणाले. दिवाळीपर्यंत वहींत चारशेंवर शब्द जमले. मराठी माध्यमांतून गेलेल्या विद्यार्थ्यानें स्वतःस कमी लेखूं नये. कल्पना आपल्या भाषेंत नीट समजलेली असली, म्हणजे नवा शब्द शिकणें हें थोड्या दिवसांचें काम आहे.

दुसरी अडचण वेळेची. शाळेंत आपला दिवस घंटेच्या हातीं असतो. महाविद्यालयांत दुपारीं एक वाजतां आमचे तास संपत, आणि पुढचा सबंध दिवस मोकळा. हजेरी साधारणपणें ७५ टक्के लागते. म्हणजे सत्रांत एखाद्या विषयाचीं ६० व्याख्यानें असतील तर ४५. उरलेल्या १५ व्याख्यानांवर आपला हक्कच आहे असें कित्येक समजतात व तीं पहिल्याच महिन्यांत बुडवितात. मग पुढें ताप आला तर शिल्लक कांहींच राहत नाहीं. शिवाय पदवीचा हिशेब आतां श्रेयांकांनीं, म्हणजे ज्यांस सर्वजण ‘क्रेडिट’ म्हणतात त्या मापानें होतो. व्याख्यानाच्या विषयांत आठवड्यास एक तास याप्रमाणें सत्रभराचा अभ्यास म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेच्या कामांत त्यासाठीं आठवड्यास दोन तास द्यावे लागतात. हा हिशेब कोणी समजावून देईल अशी वाट न पाहतां पहिल्याच आठवड्यांत माहितीपुस्तक वाचून आपण समजून घ्यावा.

सूचनाफलकाचेंही तसेंच आहे. परीक्षेचे अर्ज, ग्रंथालयाचे नियम, शिष्यवृत्तीची मुदत, सर्व तेथें लागतें. शासकीय शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर मुदतींत भरावा लागतो. माझ्या वडिलांनीं पहिल्या वर्षाच्या खर्चासाठीं घरची दुभती म्हैस विकली होती. त्यामुळें दररोज फलकापुढें दोन मिनिटें उभें राहणें हें त्या म्हशीचें ऋण फेडण्याचाच एक भाग आहे असें मी समजत असें.

परंतु सर्वांत कठीण गोष्ट एकटेपणाची. पुण्यांतील बहुतेक मेस रविवारीं रात्रीं बंद असतात. ज्याचे शहरांत नातेवाईक आहेत तो त्यांच्याकडे जातो. ज्याचे नाहींत त्याला त्या रात्रीं घर फार आठवतें. तिसऱ्या रविवारीं माझा खोलीसोबती गांवीं गेला होता. आईचा फोन आला. तिनें “जेवलास का रे?” असें विचारलें आणि माझा कंठ दाटून आला. फोन ठेवल्यावर मीं पिशवी भरली व पहाटेची एस. टी. किती वाजतां सुटते तें पाहून ठेविलें. इतक्यांत दारावर थाप पडली. तिसऱ्या वर्षांत शिकणारा, परभणीकडचा एक विद्यार्थी बाहेर उभा होता. “अरे, आज मेस बंद असते. चल, आम्ही जेवायला निघालों आहों,” एवढेंच तो बोलला. भरलेल्या पिशवीकडे त्याची दृष्टि गेली, पण त्यानें कांहीं विचारलें नाहीं. त्या रात्रीं आम्ही पांचजण एका लहानशा खाणावळींत जेवलों. बाकीच्या चौघांनीं आपापल्या पहिल्या वर्षाची जवळजवळ हीच हकीकत हंसत हंसत सांगितली. परत आल्यावर मीं पिशवी रिकामी केली.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांविषयीं नवख्याच्या मनांत धास्ती असते, व ती अगदींच निराधार नाहीं. म्हणूनच महाराष्ट्रांत १९९९ सालीं रॅगिंगबंदीचा कायदा झाला. त्यांत दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. असा छळ कोणीं केल्यास तो मुकाट्यानें सोसूं नये; रेक्टर अथवा प्राचार्य यांस तत्काळ कळवावें. परंतु त्या भयानें दार लावून बसणें बरें नव्हे. बाहेर उभा असलेला बहुधा मदतीसाठींच आलेला असतो.

खेड्यांतून विद्येकडे जाणारी वाट पूर्वींही सोपी नव्हती. कोंकणांतील मुरूडचे धोंडो केशव कर्वे सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं शंभराहून अधिक मैल पायीं चालून साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ते परत आले, पण शिकणें सोडलें नाहीं. पुढें मुंबईस विल्सन व एल्फिन्स्टन महाविद्यालयांत शिकून १८८४ सालीं ते पदवीधर झाले, व १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवूं लागले. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढिला व १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. ज्याला एकदां दारावरून परतविलें, त्यानें आपलें आयुष्य इतरांसाठीं दारें उघडण्यांत वेंचलें.

पालकांस एक नम्र विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी दूर गेल्यावर “जेवलास का?” हें आपण विचारालच, तें विचारावेंच. पण त्याबरोबर “आज कोणाशीं ओळख झाली? आज कोणास काय विचारलेंस?” हेंही विचारीत जावें. या प्रश्नांचें उत्तर पुष्कळ दिवस मिळालें नाहीं, तर एकदां स्वतः जाऊन भेटून यावें.

मी आतां दुसऱ्या वर्षांत आहें. रविवारीं रात्रीं आमच्या मजल्यावरील प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या दारावर थाप मारल्यावांचून आम्ही जेवावयास निघत नाहीं. डोंगरावरील प्रवचनांत दार ठोठावणाऱ्याविषयीं जें वचन आहे, तें सकाळच्या प्रार्थनेंत आपण सर्वांनीं अनेकदां ऐकलें आहे. मित्रहो, महाविद्यालयांत गेल्यावर प्राध्यापकांचें, ग्रंथपालांचें, शेजारच्या सोबत्याचें दार ठोठावण्यास संकोच करूं नका. आणि तुमचे पाय तेथें स्थिर झाले म्हणजे मागून येणाऱ्या नवख्याचें दार ठोठावण्यास विसरूं नका. आपल्या शाळेनें आपणांस जी माया दिली, ती पुढें चालविण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी ठाऊक नाहीं.