ओल कुठून येते

मी भिंती करते. विटा-सिमेंटच्या नव्हे, व्हिडिओ गेममधल्या. खेळणारा तलवार उपसून ज्या गल्लीतून सुसाट पळतो, तिच्या भिंती, पायऱ्या, दारं, कोपऱ्यात लवंडलेलं पिंप. तो बघतसुद्धा नाही, पण त्या नसत्या तर त्याला पळावंसंही वाटलं नसतं. या कामाला एन्व्हायर्न्मेंट आर्ट म्हणतात. पुण्यात साडेसहा वर्षं ते केलं. त्यातली शेवटची सव्वादोन वर्षं एकाच परदेशी गेममधल्या एकाच बंदराच्या गावात गेली. ते गाव कुणी पाहिलं नाही आणि आता पाहणारही नाही.

नवीन पोरं आली की पहिल्या महिन्यात एक चूक हमखास करतात. भिंत जुनी दाखवायची म्हणून सगळीकडे सारखा मळ फासतात. सबस्टन्स पेंटरमध्ये त्याची सोयच आहे, एक मास्क लावला की सगळ्या कडा एकदम झिजतात. आणि दिसतं काय, तर नाटकाचा पडदा. माझ्या पहिल्या लीडला हे खपायचं नाही. तो मागे येऊन उभा राहायचा आणि एवढंच विचारायचा, "पाणी कुठून आलं?" जमिनीतून चढलं असेल तर गुडघ्याइतकी ओल आणि तिच्या वरच्या काठावर लोण्याची, म्हणजे भिंतीतून फुटणाऱ्या मिठाची, पांढरी झालर. छपरातून आलं असेल तर ओघळ, वर जाड आणि खाली विरत जाणारे. पागोळीचं असेल तर जोत्यावर मातीचे शिंतोडे, वीतभर, फार तर दीड वीत. तीन पाणी, तीन डाग. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकायला मिळालं नव्हतं, पण वर्ध्याच्या आमच्या घरात ते सगळं रोज डोळ्यांसमोर होतं. साडेसहा वर्षांत मी ओलीची बाई झाले. पडकं, कुबट, बुरसटलेलं काही आलं की माझ्याकडे.

बाकीचं काम हिशेबाचं. भिंतीला त्रिकोणांचं बजेट असतं. आधी बारकाव्यांची, लाखो त्रिकोणांची भिंत घडवायची, मग तिचे खाचखळगे दोन-तीनशे त्रिकोणांच्या साध्या भिंतीवर चित्रासारखे भाजून घ्यायचे. आम्ही बेकिंगच म्हणतो. शिंपी तुकडे जोडून झंपर शिवतो. आम्ही शिवलेलं उसवून सपाट पसरतो, म्हणजे त्यावर रंग चढवता येतो. आणि एक नियम असा की खेळणारा जिथे जाणार नाही ती बाजू करायचीच नाही. भिंतीची पाठ नसते.

त्या सोमवारी अकराला पंधरा मिनिटांचा कॉल होता. परदेशातल्या प्रकाशकाने प्रकल्प थांबवला होता, त्यामुळे "काही भूमिका उरणार नाहीत". भूमिका म्हणजे आम्ही. खुर्चीवर परतले तोवर पासवर्ड चालेनासा झाला होता. काम तर गेलंच, पण त्या संगणकात संदर्भासाठी काढलेले माझे स्वतःचे फोटोही होते. पुलगावच्या माझ्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या, घराची भिंत, दाराची चौकट, छपरावरचे कवेलू. ते मागायला कुणाला मेल करायचा हेही मला कळेना.

तेव्हा हे सगळीकडेच चाललं होतं, हे सांत्वन की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कोविडच्या दिवसांत लोक घरात बसून खेळत होते, पैसा स्वस्त होता, कंपन्यांनी भराभर माणसं घेतली. मग लोक घराबाहेर पडले आणि व्याजदर चढले. २०२३ या एका वर्षात जगभर दहा हजारांवर नोकऱ्या गेल्याचा अंदाज होता, २०२४ त्याहून वाईट निघालं. स्वीडनच्या एम्ब्रेसर या गेम कंपनीचा दोन अब्ज डॉलरचा एक सौदा मे २०२३ मध्ये फिसकटला आणि ऑगस्टमध्ये तिचा अमेरिकेतला व्होलिशन हा तीस वर्षांचा स्टुडिओ बंद झाला. २०२४ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपला टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. त्यांचा 'हाय-फाय रश' वर्षभरापूर्वी लोकांनी डोक्यावर घेतला होता, म्हणजे चांगलं काम केलं तर वाचतो असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्स कंपनी कोसळली आणि बंगळूर-मुंबईतली हजारो माणसं काही दिवसांत रस्त्यावर आली. पुण्यात तर चहाच्या टपरीवरही 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा विषय निघायचा. 'सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती, २०२० मध्ये केवढ्या अभिमानाने जाहीर झाली होती. २०२२ च्या मे महिन्यात ती माँट्रियलला गेली, आणि जानेवारी २०२६ मध्ये तिथेही रद्द झाली. मी त्या गेमवर नव्हते. तरी बातमी वाचून आधी भिंतीच आठवल्या. कुणीतरी केल्या असतील.

मग आझाद हिंद एक्सप्रेसने वर्ध्याला उतरले. गल्लीत बातमी माझ्याआधी पोचली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवर खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला होता, त्यामुळे प्रत्येकाचा प्रश्न एकच, "ते रमीवालं बंद झालं ना, त्यातच होती का तू?" पहिल्या आठवड्यात समजावून सांगितलं. नंतर हो म्हणायला लागले.

फक्त मोठे बाबा तसं बोलले नाहीत. ते पुलगावच्या कॉटन मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. मिल बंद झाली तेव्हा मी शाळेत होते. भोंगा थांबल्यावर लोकांना वेळ कळेनाशी झाली, एवढंच मला आठवतं. माझी हकीकत त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, "मंग हा ले-ऑफ नोहे."

मी म्हटलं, सगळे ले-ऑफच म्हणतात.

"म्हनू दे. ले-ऑफ म्हंजे काम नाई म्हनून घरी बसवलं, अर्धा पगार देल्ला, काम आलं का वापस बोलावलं. नाव हजेरीबुकात राह्यते. तुयं नाव राह्यलं का?"

"नाही."

"तं मंग छाटणी म्हन."

नंतर शोधून पाहिलं. म्हातारा बरोबर होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम न देणं, त्याची भरपाई मूळ पगार नि महागाई भत्त्याच्या निम्मी होती, आणि छाटणीचं कलम वेगळं होतं. दोन निराळ्या गोष्टींना दोन निराळे शब्द होते, आम्ही सौम्य वाटणारा उचलला आणि त्यातली परत बोलावण्याची अट तेवढी गाळून टाकली.

मग त्यांनी ट्रंकेतून मिलची एक चादर काढली. निळ्या काठाची, कुठेही विरलेली नाही. ती त्यांच्याच साच्यावरची होती की नाही हे त्यांनाही सांगता येईना, पण ते काठ बोटांनी चाचपत होते. "आता तुया माल दाखव."

दाखवणार काय? करारात गुप्ततेचं कलम आहे, प्रकाशित न झालेलं काम कुणालाही दाखवायचं नाही. मोठ्या बाबांना नाही आणि पुढच्या नोकरीच्या मुलाखतीतही नाही. सुताराची खुर्ची मोडली तरी लाकूड उरतं. माझ्या पोर्टफोलिओत २०२३ नंतर दोन वर्षांची पोकळी आहे, आणि मुलाखतीत विचारतात, या काळात काय करत होता? मी म्हणते, ओल. हसतात, पण फोन काही येत नाही.

घरी बसून कंटाळले तेव्हा वर्ध्यातल्याच मगन संग्रहालयात गेले. शाळेची सहल गेली होती, तेव्हा तिथल्या वस्तूंपेक्षा बाहेर मिळणाऱ्या गोरसपाकात जास्त रस होता. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं हे संग्रहालय, आत हरतऱ्हेचे चरखे. या वेळी बघताना नजर आपोआप हात लागतो तिथे जायला लागली. मुठीचं लाकूड काळं-तुकतुकीत, चाकाच्या आतली कड मात्र खरबरीत. मास्क लावून ही झीज येणार नाही.

सुधारित चरख्यासाठी १९२९ मध्ये एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, त्याच्या अटी मला आता एखाद्या टेक्निकल ब्रीफसारख्या वाटतात. किंमत दीडशे रुपयांच्या आत. बाईला आठ तास फार न दमता चालवता यावा. वीस वर्षं टिकावा, आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण अट बघा, वीस वर्षं. नोकरीबरोबर माझी सगळी सॉफ्टवेअरं गेली, कारण ती कंपनीच्या लायसनवर होती आणि महिन्याचं भाडं मला झेपणारं नव्हतं. उरलं फुकटातलं ब्लेंडर. त्याची गोष्टही अशीच. ते बनवणारी डच कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा टॉन रोसेंडाल या त्याच्या कर्त्याने लोकांकडे वर्गणी मागितली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं झालं. तिकडेही आकडा एक लाखाचाच निघाला, याची मला उगीच गंमत वाटली. त्याला आता वीस वर्षं कधीच उलटून गेली आहेत.

तर ब्लेंडरवर मी मोठ्या बाबांची भिंत केली. कुणाच्या करारात नसलेली. पांढऱ्या मातीची, वर कवेलू, मृगाआधी फेरायला झालेले. तीन आठवडे लागले. या कामाचे पैसे कुणी देणार नव्हतं, त्यामुळे घाईही नव्हती. पुलगावला जाऊन पुन्हा फोटो काढले, ओल तर जीव लावून केली. खालून चढलेली, वर लोण्याची झालर.

लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. ते बराच वेळ चष्मा वरखाली करत राहिले. कवेलू पसंत पडले. मग बोट ओलीवर टेकलं.

"हे जिमिनीतलं नोहे."

"मग?"

"भितीच्या मांगं मोरी होती ना, पोरी. तुही मोठी आई तिथं भांडे घासे. बुजवली, तरी लोना येतेच. मांगून दाखव."

मी भिंत फिरवली. कडेपाशी ती पातळ होत गेली, आणि मग पडद्यावर काहीच उरलं नाही, नुसता करडा रंग.

"मांगं काईच नाई?" त्यांना हसू आवरेना. "काही नाई तं पानी कुठून येते वो?"

परवापासून मोरी करतेय. दगड कसा बसवला होता हे त्यांना नीट आठवत नाही, म्हणून रविवारी पुन्हा पुलगावला जायचं आहे.